गाडीचं अ‍ॅव्हरेज अचानक पडलंय, पेट्रोल जातंय कुठे?

तिसरा_गिअर (१४ जून)

मंडळी, मदत हवीय. गाडी २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक, १२०० सीसी, ७१ हजार किमी झालेत. रोज धायरी ते हिंजवडी आणि परत, म्हणजे ४४ किमी. गेल्या वर्षीपर्यंत १६-१७ चं अ‍ॅव्हरेज मिळायचं. गेला महिनाभर १३ च्या वर काटा जायला तयार नाही. रस्ता तोच, ड्रायव्हर तोच, सकाळी निघायची वेळही तीच.

लिटरला १०४ रुपये धरले तर महिन्याला सतराशे-अठराशे रुपये जास्तीचे जातायत. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारा भाग) आणि थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) साफ करून ४,५०० रुपये घेतले. फरक शून्य. आता म्हणतात, "सर, गाडी जुनी झाली." नऊ वर्षांची गाडी एका महिन्यात म्हातारी कशी होते?

काय काय तपासू? आणि पेट्रोल वाचवायच्या तुमच्या ज्या काही युक्त्या असतील, त्याही सांगा.

शंकासुर (१४ जून)

१३ हे टाकी फुल्ल करून काढलंय की डॅशबोर्डवर दिसतं ते?

तिसरा_गिअर (१४ जून)

डॅशबोर्डवरचं.

शंकासुर (१४ जून)

मग आधी मोजा. बाकी चर्चा नंतर.

वंगणवाला (१५ जून)

शंकासुर नेहमीसारखे तुटक बोललेत, पण मुद्दा बरोबर आहे. डॅशबोर्डवरचा आकडा बऱ्याच गाड्यांत खऱ्यापेक्षा गोड असतो. पंपावर टाकी भरा, नोजल आपोआप बंद झालं (पहिला कट) की थांबा. त्यानंतर पंपवाल्याला "अजून थोडं बसव" म्हणू नका. ट्रिप मीटर शून्य करा. तीन-चारशे किमी झाले की त्याच पंपावर, जमलं तर त्याच मशीनवर पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा. किमी भागिले लिटर. एका टाकीवर विश्वास ठेवू नका, निदान दोन मोजा.

(बारा वर्षं गॅरेजमध्ये हात काळे केलेत, आता सुट्या भागांच्या धंद्यात आहे. त्यामुळे जरा लांबण लागतं, चालवून घ्या.)

मोजणं चालू असताना दोन फुकटातल्या गोष्टी करा. पहिली, टायरची हवा. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर स्टिकर असतो, त्यावर आकडा असेल. हवा सकाळी, गाडी फारशी न चालवता तपासा. वीस किमी पळवून गेलात तर टायर तापून दोन-तीन पीएसआय जास्तच दाखवतो आणि तुम्ही खूश होऊन परत येता.

दुसरी, ब्रेक. दहा-पंधरा किमी चालवा, शेवटी ब्रेक कमीत कमी वापरत गाडी थांबवा आणि उतरून चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या. टेकवू नका, नुसता जवळ न्या. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा चांगलंच गरम लागलं तर तिथला ब्रेक सुटत नाहीये. कॅलिपरची (चाकाला पकडणाऱ्या ब्रेकच्या चिमट्याची) पिन सुकून जाम होते, नाहीतर हँडब्रेकची केबल अडकते. अशी गाडी म्हणजे पाय ब्रेकवर ठेवून चालवल्यासारखीच.

घाटमाथा (१५ जून)

मी १९९१ पासून गाडी चालवतोय. कराड-चिपळूण शेकडो वेळा केलंय. साधा उपाय सांगतो. उतार लागला की न्यूट्रल मारायची आणि सोडून द्यायची. कुंभार्लीचा अख्खा घाट थेंबभर पेट्रोल न जाळता उतरतो. आजकालच्या पोरांना गिअरमध्येच उतरायचं असतं, इंजिन आपलं बोंबलतंय.

वंगणवाला (१५ जून)

घाटमाथा काका, मान ठेवून सांगतो, तुमचं गणित जुन्या, इंजेक्टर नसलेल्या कार्ब्युरेटरच्या गाडीला बरोबर होतं. आता उलटं झालंय.

आताच्या गाडीत उतारावर गिअर तसाच ठेवून पाय उचललात, तर इंजिन चाकांच्या जोरावर फिरतं. गाडीतल्या संगणकाला कळतं की ताकद कोणी मागत नाहीये, तो इंजेक्टर बंद करतो. पेट्रोल शून्य. आरपीएम उतरत आयडलच्या (गाडी उभी असताना इंजिन फिरतं त्या वेगाच्या) जवळ आले की पुन्हा सुरू. न्यूट्रल मारलीत तर इंजिनला चाकांचा आधार राहत नाही, बंद पडू नये म्हणून ते पेट्रोल पिऊनच आयडलवर चालतं. म्हणजे न्यूट्रलला थोडं का होईना जळतं आणि गिअरमध्ये काहीच जळत नाही. वर इंजिनची ओढ गेल्यामुळे सगळा भार ब्रेकवर. ब्रेक तापले की पेडल दाबूनही गाडी थांबत नाही.

काही जण तर चावीच बंद करतात. इंजिन बंद झालं की दोन-तीनदा पेडल दाबेपर्यंत ब्रेकची मदत संपते, पॉवर स्टिअरिंग जातं आणि चावी पूर्ण फिरली तर स्टिअरिंग लॉक.

तिसरा_गिअर (१५ जून)

मी नवले पुलाजवळ राहतो हो. कात्रजच्या नव्या बोगद्यापासूनचा उतार आणि डिझेल वाचवायला न्यूट्रलला सोडलेले ट्रक, हे आमच्या घरात जेवताना बोलायचे विषय आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका ट्रकने तिथे चाळीसच्या वर गाड्या ठोकल्या होत्या. न्यूट्रल आमच्याकडे बाद.

घाटमाथा (१६ जून)

जीवावर बेतेल असं मी सांगितलं नव्हतं. पण इंजेक्टर बंद होतो म्हणता, ते दिसणार कसं? मुलाच्या गाडीत बघतो.

वऱ्हाडी_ठेचा (१६ जून)

नागपूरहून बोलतो भाऊ. आमच्याकडं घाट-बीट नाही, समृद्धी आहे. तिथला अनुभव सांगतो.

नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटर. जाताना ११५ ते १२० वर लावून ठेवली. मोकळा रोड, पाय उचलाचं कामच नाही. परत येताना आई सोबत होती, तिला वेग सहन होत नाही, मनून ९०-९५ वर आलो. दोन्ही बाजूंनी टाकी मोजली. जाताना १३, येताना साडेसतरा. दहा लिटरचा फरक ना भाऊ! वेळ लागला तं सव्वा तास जास्त. सव्वा तासाचे हजार रुपये वाचले, आणि आई खूश.

शंकासुर (१६ जून)

९० चे १२० म्हणजे वेग एक तृतीयांशाने वाढला. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे पावणेदोन पटीच्या थोडा वर. ठेचाभाऊंची टाकी बरोबर बोलतेय.

वऱ्हाडी_ठेचा (१६ जून)

आणि समृद्धीवर चढायच्या आधी टायर पाहूनच जा. सिमेंटचा रोड, उन्हाळ्यात ४५ डिग्री, हवा कमी असलेला टायर तापून फुटते. तिथं पेट्रोलचा हिशोब राहत नाही मंग.

लाल_माती (१७ जून)

रत्नागिरीहून. इथेनॉलबद्दल अजून कोणीच कसं बोललं नाही? आमच्या स्कूटरचं आणि गाडीचं, दोन्हींचं अ‍ॅव्हरेज उतरलंय. पंपावर आता २० टक्के इथेनॉलवालंच पेट्रोल मिळतं, दुसरा पर्यायच ठेवलेला नाही. भाव मात्र तोच. जुन्या गाडीवाल्यांनी करायचं काय?

वंगणवाला (१७ जून)

ताई, तक्रार रास्त आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे २० टक्के मिसळलं की निव्वळ पेट्रोलच्या मानाने जवळपास सात टक्के ऊर्जा कमी आणि आधीच्या १० टक्केवाल्याच्या मानाने साडेतीन टक्के. इथेनॉलसाठी जुळवलेल्या नव्या इंजिनात त्यातलं काही भरून निघतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही जुन्या धाटणीच्या चारचाकींना ६-७ टक्के आणि दुचाकींना ३-४ टक्के फटका धरला होता. जुन्या गाडीत रबरी पाइप आणि सील यांच्यावर लक्ष ठेवा, पेट्रोलचा वास आला तर टाळाटाळ नको.

पण आपल्या धागाकर्त्यांचं १६.५ चं १३ झालंय, म्हणजे वीस टक्क्यांच्या वर. तेवढं इथेनॉल एकटं खात नाही. शिवाय इथेनॉल एका महिन्यात आलेलं नाही.

लाल_माती (१७ जून)

हे पटलं. पण "भाव तोच का" याचं उत्तर तुमच्याकडेही नाही!

वंगणवाला (१७ जून)

नाही. 😀

कोपऱ्यातला_बाक (१८ जून)

सकाळी सहाला पेट्रोल भरत जा, थंड असतं, दाट असतं, जास्त मिळतं. आणि १०० किंवा ५०० चं कधीच भरू नका, ११० किंवा ५१० चं भरा. सेटिंग असतं.

शंकासुर (१८ जून)

पंपाची टाकी जमिनीखाली असते. सकाळ-संध्याकाळ तिला फारशी कळत नाही. मापाची शंका असेल तर पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप ठेवावंच लागतं, ते मागा आणि त्यात मोजून द्यायला सांगा. ५१० रुपयांचं भरून चोर कसा सापडणार?

कोपऱ्यातला_बाक (१८ जून)

मागितलं की तोंड वाकडं करतात.

लाल_माती (१८ जून)

करू देत. मी एकदा मागितलं होतं. माप बरोबर निघालं, पण त्या दिवसापासून तो मुलगा मला बघून आधी शून्य दाखवतो आणि मगच नोजल लावतो.

तिसरा_गिअर (२६ जून)

अहवाल देतो. एक टाकी मोजली, ३९१ किमीला ३१ लिटर. म्हणजे १२.६! डॅशबोर्ड १३.२ म्हणत होता. म्हणजे पूर्वीचे माझे ते १७ सुद्धा गोडच असणार.

चारही चाकं सारखीच कोमट, ब्रेकची गडबड नाही. हवा मात्र लाज वाटण्यासारखी निघाली. स्टिकरवर ३३, टायरमध्ये २४, २५, २७, २४. स्टेपनीत तर १२. पंक्चरवाला म्हणाला, "साहेब, शेवटची कधी भरली?" मी विषय बदलला.

डिकीही रिकामी केली. एक चटई, बॅडमिंटनचं सामान आणि दिवाळीपासून पडलेली पाण्याच्या बाटल्यांची दोन खोकी.

तिसरा_गिअर (७ जुलै)

दुसरी टाकी १३.३. पायही हलका ठेवला होता. पुढे लाल सिग्नल दिसला की लांबूनच पाय उचलतो, दोन हजार आरपीएमच्या आत गिअर बदलतो, वारज्याच्या कोंडीत मोठा सिग्नल असला की इंजिन बंद करतो. एवढं सगळं करून ०.७. घरून टोमणा आला, "धाग्यावर बसून जेवढा वेळ घालवलास तेवढ्यात चालत जाऊन आला असतास."

वंगणवाला (७ जुलै)

०.७ हे हवेचं आणि पायाचं. मूळ दुखणं तसंच आहे. एअर फिल्टर बदलायला कोणी सांगितलं तर किमी बघून बदला, पण अ‍ॅव्हरेजची आशा ठेवू नका. इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाडीत फिल्टर चोंदला तर ओढ कमी होते, पेट्रोलचं माप संगणक सांभाळून घेतो.

आता एकच प्रश्न. तुम्ही "गेला महिनाभर" म्हणालात. त्याच्या आधी, मे महिन्यात गाडीला कोणी हात लावला होता का? काहीही. पंक्चरपासून बॅटरीपर्यंत.

तिसरा_गिअर (७ जुलै)

तसं मोठं काही नाही. महाबळेश्वरला जाताना पसरणी घाटात गाडी तापली होती. वाटेतल्या एका मेस्त्रींनी रेडिएटरच्या फॅनचा रिले (फॅन चालू-बंद करणारा स्विच) बदलला, पाणी भरलं. देव माणूस, दीड तासात मोकळं केलं, सातशेच रुपये घेतले. त्यानंतर एकदाही तापली नाही. उलट आता थंडच असते.

वंगणवाला (७ जुलै)

"उलट आता थंडच असते."

डॅशबोर्डवर निळा दिवा आहे का, थर्मामीटरच्या चित्राचा? सकाळी गाडी सुरू केल्यावर तो किती वेळ राहतो, ते उद्या बघा.

तिसरा_गिअर (८ जुलै)

पूर्वी सोसायटीच्या गेटपासून हायवेला लागेपर्यंत जायचा, हे नक्की आठवतंय. आज वारजे पुलापर्यंत होता. मग गेला. आणि पुढे चांदणी चौक उतरताना पावसात पुन्हा लागला! महिनाभर हे माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं. निळा दिवा म्हणजे काहीतरी चांगलंच, असा माझा समज.

वंगणवाला (८ जुलै)

सापडलं, असं मला वाटतंय. मेस्त्रींनी थर्मोस्टॅट काढून टाकलाय.

आपल्याकडे हा जुना रिवाज आहे. गाडी तापली की "आपल्याकडे काय बर्फ पडतो का, कशाला हवा तो" म्हणून थर्मोस्टॅट काढायचा, म्हणजे पाणी सतत रेडिएटरमधून फिरत राहतं आणि गिऱ्हाईक पुन्हा तापल्याची तक्रार घेऊन येत नाही. गिऱ्हाईकही खूश. पण ते इंजिन ८५-९० अंशांवर चालायला बनवलेलं असतं. थर्मोस्टॅट ही झडप इंजिन तिथवर तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवते. ती नसली की इंजिन पन्नास-साठवरच घुटमळतं. संगणकाला वाटतं गाडी अजून आत्ताच सुरू झालीय, म्हणून तो जास्त पेट्रोल देत राहतो. जुन्या गाडीचा चोक दिवसभर ओढून ठेवला तर काय होईल, तेच. शिवाय थंड ऑइल घट्ट, त्याचीही ओढ. इंजिनची झीज होते ती वेगळीच.

खात्री करायची तर ओबीडीचा, म्हणजे गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारा स्कॅनर मिळतो, सात-आठशेपासून. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावायचा, मोबाइलवर कूलंटचं (इंजिन थंड ठेवायला त्यात फिरणाऱ्या द्रवाचं) तापमान दिसतं.

घाटमाथा (८ जुलै)

हे खरं आहे. आमच्या वेळी जीपचा पहिल्याच महिन्यात काढायचे.

आणि मी मुलाच्या गाडीत कुंभार्ली उतरून पाहिला. तिसऱ्या गिअरमध्ये पाय उचलला की क्षणाक्षणाचं अ‍ॅव्हरेज दाखवणारी पट्टी पार टोकाला जाते. न्यूट्रल मारली की मागे येते. तुमचं बरोबर. पण सपाटीच्या जवळचा हलका उतार असेल, तर गिअरमध्ये गाडी अडते आणि परत रेस द्यावी लागते. तिथे माझंही अगदीच चूक नाही.

वंगणवाला (८ जुलै)

काका, हलक्या उताराचं मान्य. तिथे वरच्या गिअरला अगदी हलका पाय ठेवा, न्यूट्रल नको, एवढंच.

तिसरा_गिअर (११ जुलै)

स्कॅनर आला. बायपासवर ७० च्या वेगाने पाऊण तास चालवून तापमान ५७ ते ६३. बाणेरच्या सिग्नलला उभं राहिलं की ७४, हलली की परत खाली.

आणि साहेब, ऐका. टूलकिटच्या पिशवीत, जॅकच्या खाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेला थर्मोस्टॅट सापडला. मेस्त्रींनी इमानेइतबारे परत दिलेला. मीच कधी उघडून पाहिलं नाही. त्यावर ८२ असा आकडा कोरलाय. हाच परत बसवला तर?

वंगणवाला (११ जुलै)

आधी पाण्यात तपासा. पातेल्यात दोरीने टांगा, बुडाला टेकू देऊ नका, पाणी तापवत न्या. उकळी यायच्या बरंच आधी झडप हळूहळू उघडताना दिसली पाहिजे, गार झाल्यावर पूर्ण मिटली पाहिजे. पातेलं असं घ्या की जे परत स्वयंपाकाला वापरायचं नाही, कूलंट विषारी असतं.

चांगला निघाला तरी मी नवाच टाका म्हणेन. सील नवं हवंच. मेस्त्रींनी साधं पाणी भरलं असणार, तेही काढून कंपनीच्या पुस्तकात दिलेलं कूलंट भरा. फॅन वेळेवर लागतो ना, ते बघून घ्या. दुखणं रिलेचं होतं, थर्मोस्टॅटचा काही गुन्हा नव्हता.

वऱ्हाडी_ठेचा (१२ जुलै)

हा तं एखाद्या खुनाच्या तपासासारखा धागा झाला राजेहो.

तिसरा_गिअर (९ ऑगस्ट)

उशीर झाला, पण दोन टाक्या पूर्ण करूनच लिहायचं ठरवलं होतं.

नवा थर्मोस्टॅट, कूलंट, मजुरी मिळून १,९५० रुपये. स्कॅनरवर आता ८६ ते ९१. निळा दिवा गेटच्या बाहेर पडून हायवेला लागलो की जातो. पहिली टाकी १५.१, दुसरी १५.४. म्हणजे १२.६ च्या मानाने महिन्याला १४ लिटर वाचतायत, साधारण १,४५० रुपये. सर्व्हिस सेंटरचे ४,५०० वसूल व्हायला मात्र दिवाळी उजाडेल.

१७ काही परत मिळत नाही. त्यातलं थोडं डॅशबोर्डचं गोड बोलणं होतं, थोडं लाल_माती ताईंचं इथेनॉल.

शंकासुर (९ ऑगस्ट)

रक्षाबंधन, शनिवार-रविवार, सुट्ट्या. कोंडी कमी असेल त्या आठवड्यात. अजून दोन टाक्या मोजा.

तिसरा_गिअर (९ ऑगस्ट)

मोजतो हो.

लाल_माती (१० ऑगस्ट)

जुना थर्मोस्टॅट पाण्यात घालून बघितलात का शेवटी? उघडला?

तिसरा_गिअर (१० ऑगस्ट)

उघडला. एकदम झोकात. सगळे घरचे ओट्याभोवती जमले होते, मुलीने व्हिडिओ काढला. फक्त पातेल्याची सूचना मी नंतर वाचली. दुधाचं होतं. ते आता गाडीच्या डिकीत आहे, बाटल्यांच्या खोक्यांच्या जागी.